सहा तारांचा जोड

कुळगाव, बदलापूर
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय अक्षदा,

पाकीट उघडताना बोटाला काहीतरी टोचलं असेल. ते काय आहे हे शेवटी सांगते, आधी पत्र वाच. रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. पण फोनवर मी गाडीचं नाव काढलं की तू "बरं" म्हणतेस आणि बाबांच्या गोळ्या संपल्या का ते विचारतेस. पत्रात असा मध्येच विषय बदलता येत नाही, म्हणून पत्र. आमच्या वेळी शाळेत तुझ्यासारखी मराठी तुकडी नव्हती, सगळं इंग्रजीत, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसतील. पूर्वी त्यावर लाल पेन्सिलीने खुणा करायचीस, तशा आताही कर.

तर बातमी अशी. चौदा डिसेंबरला, रविवारी, अंबरनाथच्या आपल्या दोघींच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतात. जुन्या मुलींनी घरी जे काही केलं असेल ते हॉलमध्ये मांडायचं आहे. कुणी लोणची मांडणार, कुणी क्रोशाचे रुमाल. जूनमध्ये सभा झाली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं की आम्ही रेल्वे मांडू. तीन फळ्यांवर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर, आणि त्यांच्यामधून धावणारी छोटी गाडी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी लगेच यादीत नाव घातलं. आणि घरी येताना मला जिन्यातच घाम फुटला, कारण आपल्या घरात रेल्वे नव्हती. एक फळीसुद्धा नव्हती. का नव्हती ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. त्याच्याकडे येणार आहे मी, पण जरा वळसा घालून.

बाबांना सांगितलं तेव्हा ते कपातला चहा बशीत ओतत होते. अर्धा बशीत पडला, अर्धा टेबलावर. ज्या हातांनी एमआयडीसीत एकतीस वर्षं मोठमोठ्या कारखान्यांची विजेची पॅनेलं बांधली, त्या हातांना आता बशी सापडत नाही. डॉक्टर म्हणतात कंपवात याहून बराच वाईट असू शकतो, आपलं नशीब. बाबांनी टेबल पुसलं आणि विचारलं, वायरिंग कोण करणार? मी म्हटलं, मी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी विमान चालवते म्हणाले. खरंच आहे ना, चाळीस वर्षांत मी घरातला एक बल्ब बदलला नव्हता. पण पाहून झाल्यावर त्यांनी कागद-पेन्सिल मागितली. रेघा वाकड्या आल्या, मी त्या पट्टीने सरळ केल्या, आणि आमचा कारखाना सुरू झाला.

जनू सुताराने फळ्या कापून दिल्या. प्रत्येक चार फुटांची, कारण आपल्या इमारतीची लिफ्ट मनात येईल तेव्हा चालते आणि जिन्याच्या वळणावर याहून लांब काही वळत नाही. म्हणजे तीन फळ्या वेगवेगळ्या उचलायच्या आणि हॉलमध्ये नेऊन एकमेकींना जोडायच्या. वरचं काम मला अवघड गेलं नाही. बाबांच्या गोळ्यांच्या खोक्यांतून उल्हासनगरची दुकानं झाली. अंबरनाथला उदबत्तीच्या नळकांड्यातून केलेली कारखान्याची चिमणी आहे, आणि शिवमंदिर मी साबणातून कोरलं. शाळेत क्राफ्टला शिकवलेलं पन्नास वर्षं कामाला येत नव्हतं, ते आत्ता आलं. बदलापूरला नदी आहे, टॉवर आहेत आणि एक जांभळीचं झाड आहे. ते झाड तांब्याच्या तारेचं आहे, पानं स्पंजाची. कुळगावात आजीच्या परसात होतं तसंच, डावीकडे झुकलेलं.

पहिली वायर मी घरातलीच घेतली. बाबांच्या खोक्यात दारावरच्या बेलची बारीक वायर गुंडाळून पडली होती. घरात असलेली वस्तू बाहेरून आणायची नाही, हा तर आपल्याकडचा कायदा. नवे आणलेले रूळ बसवले, वीज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर उल्हासनगरच्या टोकाला ठेवला आणि गाडी सोडली. उल्हासनगरातून ती ताठ मानेने निघाली, अंबरनाथच्या चिमणीपाशी हळू झाली, आणि बदलापुरात शिरता शिरता जांभळीखाली बसली. मला वाटलं इंजिन म्हातारं झालं. बाबा खुर्चीतून म्हणाले, "इंजिन नाही दमत. वायर दमते."

मग त्यांनी मला समजावलं. बारीक वायरीतून करंट लांब न्यायचा म्हटला की वाटेतच तो खर्च होतो. तिन्ही फळ्यांखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड वायरीची जोडी न्यायची, आणि दर दोन फुटांवर तिच्यातून बारीक वायर वर काढून रुळाला द्यायची. मोठी पाइपलाइन आणि घराघरातले नळ, तसं. रुळांच्या भरवशावर करंट सोडायचा नाही. एवढी साधी गोष्ट, पण मला ती कळली तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले. त्रेसष्टाव्या वर्षी नवं काही कळलं की फार बरं वाटतं गं.

बाबांनी चिठ्ठी लिहून दिली आणि मी उल्हासनगरला कॅम्प चारच्या बाजारात गेले. तिथे वायर "चाळीस-शहात्तर", "चौदा-शहात्तर" अशी मागतात. पहिला आकडा आत किती बारीक तारा आहेत त्याचा, दुसरा त्या तारेच्या जाडीचा. दुकानदार जितेश म्हणून तुझ्या वयाचा सिंधी मुलगा. त्याने मला "दादी" म्हटलं. मी मनातून जरा खट्टू झाले, केस काळे केले होते सकाळीच. शेजारच्या बाईंनी सांगितलं की सिंधीत दादी म्हणजे मोठी बहीण, तेव्हा माफ केलं. त्याने चाळीस-शहात्तरचं बंडल पुढे टाकलं. मी म्हटलं, तुकडा बघू. टोक सोललं, मंगळसूत्रातली सेफ्टी पिन काढली आणि तारा मोजायला लागले, कशिद्याच्या कापडाचे धागे मोजतात तशा. एकतीस निघाल्या. जितेश म्हणाला, बंडलावर चाळीस लिहिलंय. मी म्हटलं, लिहिलं असेल, मी वाचत नाहीये, मोजतेय. मग तीच तार पिनेने खरवडली, तर वरून तांबं आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. त्याने बंडल उचलून काउंटरच्या खाली टाकलं, आतून दुसरं आणवलं आणि हात जोडून म्हणाला, "दादी, आपको रेल्वेने भेजा है क्या?" आणि अक्षदा, मी मान वर करून सांगितलं, "हां. मेरी अपनी रेल्वे है।" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. परत येताना रिक्षात मी ते बंडल मांडीवर घेऊन बसले होते, दवाखान्यातून बाळ घरी आणावं तसं.

सोल्डरिंगची, म्हणजे तारांना कथिलाचा डाग देण्याची, मला भीती होती. तुझ्या डाव्या अंगठ्यावरचा तो भाजल्याचा व्रण माझ्या डोळ्यांसमोर असतो, नववीतला. पहिले जोड असे आले की बाबा त्यांना बुंदीचे लाडू म्हणाले. आधी तार तापू दे, मग कथिल लाव, कथिल वितळवून वर थापू नकोस, हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं. गणपती येईपर्यंत माझे डाग गुळगुळीत, चकचकीत पडायला लागले. तुला सिस्टर बेनेडिक्टा माहीत नसतील, तुझ्या आधीच त्या गेल्या. आम्हाला शिवण शिकवायच्या. रुमाल घेऊन गेलं की सुलट बाजू बघायच्याच नाहीत, पहिल्यांदा उलटा करायच्या. मागचे धागे लोंबत असतील तर पुढचं फूल कितीही सुंदर असो, सगळं उसवायला लावायच्या. त्या माझ्या डोक्यात बसल्या होत्या. फळ्यांवर गावं आहेत ती लोक बघतील. खाली वायरी आहेत त्या कोणी बघणार नाही, म्हणूनच त्या नीट हव्यात. मी प्रत्येक वायर फळीच्या कडेने काटकोनात नेली आणि दर चार बोटांवर मेण लावलेल्या दोऱ्याने गाठ मारून बांधली. प्लॅस्टिकच्या आवळपट्ट्या मला आवडल्या नाहीत, वायरीचा गळा आवळल्यासारखं दिसतं.

एका सकाळी बाबांनी मोबाइलचा टॉर्च लावला आणि कण्हत कण्हत फळीखाली वाकले. एकेका गाठीवरून बोट फिरवत राहिले. मला वाटलं चुकलंय. मग आतूनच आवाज आला की त्यांच्या उमेदवारीच्या काळात पॅनेलातल्या वायरी अशाच मेणाच्या दोऱ्याने बांधायचे, त्यांच्या वस्तादाची गाठ अशीच होती. बाहेर येऊन उभे राहिले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "माझा हात धड असता तर मीही असंच केलं असतं." तुला बाबा माहीत आहेत. लग्नाला चाळीस वर्षं झाली, त्यांनी माझ्या पुरणपोळीलासुद्धा "ठीक" याच्यावर गुण दिले नाहीत. मी त्या दिवशी दुपारभर उगाचच घरात फिरत होते.

आता ज्या गोष्टीसाठी वळसा घातला तिथे येते.

तीन फळ्या म्हणजे मध्ये दोन सांधे. एका फळीतून दुसरीत करंट जायला जोड हवा, जो घरी काढता येईल आणि हॉलमध्ये लावता येईल. आपल्या घरची पद्धत तुला ठाऊक आहे. भंगारवाल्याला काही देताना आधी त्याचा प्लग कापून ठेवायचा. इस्त्री गेली, मिक्सर गेला, टेबल फॅन गेला, त्यांचे प्लग मागे राहिले. श्रीखंडाच्या डब्यात असे अकरा प्लग होते. दोन पिनांचे चांगले निवडून मी फळ्यांना लावले. बाबा म्हणाले, हे नकोत. मी म्हटलं, वाया घालवायचे का? त्यांना वाद घालणं जमत नाही.

सप्टेंबरात एका शुक्रवारी दुपारी मला शाळेच्या सभेला जायचं होतं. साडीला इस्त्री करायची होती. फळ्या सुट्या करून भिंतीशी ठेवल्या होत्या, अंबरनाथच्या फळीवर इंजिन उभं होतं, आणि तिचा प्लग खाली लोंबत होता, भिंतीतल्या सॉकेटच्या अगदी शेजारी. इस्त्रीचा प्लग जिथे असतो तिथेच. मी तो उचलला, भिंतीत घातला आणि बटण दाबलं. डोळे उघडे होते माझे. मोठा आवाज झाला, रुळांवरून निळी ठिणगी पळाली, घरातली वीज गेली आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. बाबा आतून ओरडले, हात लावू नकोस. मला काही झालं नाही. इंजिन मात्र जळालं.

ते इंजिन कुठलं, हे आता सांगायलाच हवं. ते तुझं हिरवं इंजिन होतं.

मे दोन हजार तीन. आपण अंबरनाथला राहायचो. तुझी नववी संपली होती. तू आणि बाबा कुळगावला हळदीला गेला होतात आणि मी भंगारवाल्याला वर बोलावलं. तुम्ही दोघांनी तीन वर्षं रविवार-रविवार करून बांधलेली फळी त्याने डोक्यावर घेऊन जिन्यातून नेली. रूळ, वायरी, सिग्नल, सगळं. प्लग मी कापून घेतला. तू परत आलीस, रिकामा कोपरा पाहिलास आणि एवढंच विचारलंस, "इंजिनपण?" आणि मी म्हटलं, "हो."

मी खोटं बोलले. इंजिन मी भंगारवाल्याला दिलंच नव्हतं. ते शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली, जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. बावीस वर्षं ते तिथेच होतं. आहे म्हणून सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस की मग फळी का दिलीस, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. जूनमध्ये मी ते काढून बाबांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाहिलं, शर्टाने पुसलं आणि रुळावर ठेवलं. आणि मी एवढं जपलेलं ते इंजिन इस्त्री समजून जाळलं.

त्या संध्याकाळी बाबांनी पलंगाखालची हत्यारांची पेटी ओढायला सांगितली. टेस्टर आणि पक्कडींच्या खालून त्यांनी एक वही काढली. खाकी कव्हर, वर लेबल: अक्षदा हरिचंद्र भोईर, ९ वी ब, भूगोल. पुढून नद्या आणि पठारं आहेत. मागून उघडलं की तुझ्या रेल्वेच्या वायरिंगची आकृती सुरू होते. आठ पानं. बाबांनी ती बावीस वर्षं ठेवली होती आणि मला दाखवली नव्हती, कारण दाखवायची म्हणजे तो विषय काढायचा. आम्ही दोघंही किती शहाणे. एकाने इंजिन लपवलं, एकाने वही, एकाच घरात.

मी चष्मा लावून सगळं वाचलं. जाड वायर खालून, बारीक वायर दर दोन फुटांवर, हे तू तेव्हाच लिहिलं होतंस. जे शिकायला मला दोन महिने आणि कॅम्प चारच्या तीन फेऱ्या लागल्या, ते तुझ्या पहिल्याच पानावर होतं. लाल आणि काळी रुळांसाठी, पिवळी आणि हिरवी गाडीचा रूळ बदलण्यासाठी, निळी आणि पांढरी दिव्यांसाठी. सहा तारा. आणि पाचव्या पानावर जोडाविषयी लिहिलं होतं, ते जसंच्या तसं उतरवते: "जोड असा पाहिजे की उलटा बसताच कामा नये. ज्या बाजूने करंट येतो त्या बाजूला पिना नकोत, भोकं हवीत. दोन पिनांचा साधा प्लग अजिबात वापरायचा नाही. आई इस्त्रीचा समजून भिंतीत लावेल."

मी खाली बसले आणि हसायला लागले. बाबाही हसले, खुर्ची हलेपर्यंत. चौदा वर्षांच्या पोरीने आईला केवढं ओळखलं होतं. मग हसू कुठे थांबलं आणि काय सुरू झालं ते मला कळलं नाही. बाबांनी आपला थरथरता हात माझ्या डोक्यावर ठेवला, तो स्थिर ठेवायचा प्रयत्न करत होते.

मग मी जोड नीट निवडला, तुझी वही समोर ठेवून. पितळी स्क्रूंची पट्टी पाहिली; पक्की असते, पण दर वेळी सगळे स्क्रू काढायचे आणि घालायचे. एकेरी पिना पाहिल्या. छान दिसतात, पण सहा वेगवेगळ्या, लाल काळीच्या जागी गेली की संपलं. टेपरेकॉर्डरला असतो तसा गोल जोड पाहिला. त्याच्या पिना एवढ्या जवळ की माझ्या डोळ्यांना दोन डाग वेगळे ठेवता येईनात. तू आकृतीखाली लिहिलं होतंस, रिक्षाच्या वायरिंगमध्ये असतो तसा. जितेशने मला पुढच्या गल्लीत स्पेअर पार्टच्या दुकानात धाडलं. त्याला कपलर म्हणतात. पांढरा, सहा घरांचा, वर एक जीभ. एकाच बाजूने बसतो, टक् आवाज होतो, आणि जीभ दाबल्याशिवाय सुटत नाही. दुकानदाराने विचारलं, रिक्षा कितवी आहे? मी म्हटलं, पहिलीच.

इंजिनाचीही सोय झाली. उल्हासनगरात काय दुरुस्त होत नाही? एका म्हाताऱ्या कारागिराने कॅसेट प्लेअरची मोटर आत बसवून दिली. आता ते चालताना बारीक गुणगुणतं. एका बाजूची खिडकी वितळून तिरपी झाली आहे, ती मी तशीच ठेवली. माझी सही आहे ती.

आता ते उत्तर, जे माझ्याकडे नव्हतं. सगळ्यांना मी सांगितलं की दहावीचं वर्ष आहे, मुलीच्या जातीला हे खेळ कशाला. कुळगावची आजी फक्त एवढंच म्हणाली होती, की सून शिकलेली आणि काम अडाण्याचं. पण दहावीचं कारण खरं नव्हतं. तू अभ्यास करायचीस, मला कधी सांगावंच लागलं नाही. खरं असं आहे की रविवारी तुम्ही दोघं त्या फळीखाली पाठीवर पडायचात, चार पाय तेवढे बाहेर दिसायचे, आणि आतून तुमचं बोलणं आणि हसणं यायचं. मी चहा घेऊन यायचे, खाली वाकून कप सरकवायचे आणि परत जायचे. कोणी मला आत ये म्हटलं नाही. मीही कधी विचारलं नाही. घरात मी एकटी पडले असं मला वाटायचं, आणि त्याचा राग मी एका फळीवर काढला. त्यानंतर तू कॉमर्स घेतलंस, पहिली आलीस, बँकेत लागलीस, आज सोलापुरात आख्खी शाखा सांभाळतेस. मी तुझं कौतुक भेटेल त्याला सांगते. पण त्या दिवसापासून तू साधा स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा हातात धरला नाहीस, हे मी कोणालाच सांगत नाही. अक्षदा, मी चुकले.

गेल्या रविवारी बाबांनी शिट्टी वाजवली आणि गाडी सोडली. मधला एक सांधा अजून तात्पुरत्या वायरीवर आहे. उल्हासनगरहून निघाली, अंबरनाथला मंदिराजवळून गेली, दिवे लागले, बदलापुरात शिरली आणि जांभळीखालून त्याच वेगाने पुढे गेली. जराही दमली नाही. शाळेने गाडीजवळ ठेवायला एक पाटी मागितली आहे. बाबा म्हणाले, रचना हरिचंद्र भोईर, वायरिंग नेत्रा भोईर असं लिही. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं. कागदावर चार वेळा लिहून पाहिलं. पण सिस्टर बेनेडिक्टांनी उलटी बाजू बघितली असती, तर मला उसवायला लावलं असतं. म्हणून पेंटरला दिलेला मजकूर असा आहे: रचना, हरिचंद्र भोईर. वायरिंगची आखणी, अक्षदा भोईर, ९ वी ब. हात, नेत्रा भोईर. पाटी काल आली. अक्षरं निळी आहेत. आणि पाकिटात जे टोचलं तो अंबरनाथ आणि बदलापूर यांच्यामधल्या कपलरचा अर्धा भाग आहे. त्याच्या सहा तारांची टोकं मी सोलून ठेवली आहेत, डाग द्यायचे बाकी आहेत. ते तू दे. तेरा तारखेला आलीस तरी वेळ आहे. बँकेतून सुटका नाही झाली तर काळजी करू नकोस, माझ्याकडे दुसरा कपलर आहे, गाडी बदलापूरला पोचेल. पण मी फळीखाली चटई टाकून, झोपून मोजून पाहिलंय. मला वाटायची त्याहून जागा बरीच आहे तिथे. आपण दोघी आरामात मावतो. चहा या वेळी बाबा आणणार आहेत. सांडला तर सांडला.

तुझीच,
फळीखालून हाक मारणारी
आई